तबकड्यांची निगा

ग्रामोफोनची तबकडी विलायतेहून आली, साहेबांच्या बंगल्यांतून संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत आणि तेथून वकील-डॉक्टरांच्या माड्यांवर चढली, असा तिचा प्रवास आपल्याकडे सांगितला जातो. तो खोटा नसला तरी अपुरा आहे, कारण ज्या द्रव्यामुळे ती तबकडी कठीण झाली, चकाकली आणि स्वर धारण करू शकली, ते द्रव्य, म्हणजे लाख, आपल्याच अरण्यांतून तिकडे गेलेले होते. एमिल बर्लिनर याने १८८७ साली अमेरिकेत ग्रामोफोनची सनद मिळवली, त्यानंतरची काही वर्षे त्याच्या चकत्या कठीण केलेल्या रबराच्या असत. परंतु रबरावरील रेषा टिकत ना, चकतीचा पृष्ठभाग सारखा राहत ना, आणि शतक संपण्यापूर्वीच त्याने रबर टाकून लाखेचे मिश्रण पत्करले. पुढील पन्नास वर्षे जगातील बहुतेक गाणे लाखेवर उमटले. ध्वनिमुद्रिका घरात कशी पुसावी, कशी ठेवावी, तिला पाणी लावावे की लावू नये, या लहानशा प्रश्नांची उत्तरे पिढीगणिक बदलत गेली. परंतु त्या बदलांच्या मुळाशी दर वेळी एकच गोष्ट होती, ती म्हणजे तबकडी ज्या द्रव्याची त्या द्रव्याचा स्वभाव. म्हणून या निगेचा इतिहासही लाखेपासूनच सांगावा लागतो.

लाखेचा किडा पळस, कुसुंब, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वस्ती करतो आणि आपल्या देहाभोवती राळेसारखे कवच निर्माण करतो. ते कवच फांदीसकट तोडून, खरवडून, धुऊन लाखदाणा तयार होतो. छोटा नागपूरचा मुलूख हे या मालाचे मोठे आगर, मिर्झापूर ही त्याची जुनी पेठ आणि कलकत्ता हे निर्यातीचे बंदर; विदर्भात गोंदिया-भंडाऱ्याकडील जंगलांतूनही लाख गोळा होई. धुण्याच्या पाण्यातून निघणारा तांबडा रंग म्हणजे स्त्रियांच्या पायांना लागणारा अळिता, आणि धुतलेला दाणा कापडाच्या लांबट पिशवीत भरून विस्तवापुढे पिळल्यावर गळणारा रस ऊन असतानाच ताणून त्याचे जे पातळ पापुद्रे करीत, तो चपडा. चपडा आमच्या कारागिरांच्या नित्य परिचयाचा होता: सुतार तो स्पिरिटात विरघळवून लाकडाला झिलई देई, सोनार पोकळ दागिन्याच्या पोटात लाख भरी, बांगड्या करणारे तिच्यावर उदरनिर्वाह करीत, आणि कचेरीतला कारकून तिच्यावर सरकारी मोहर उठवी. पाश्चात्त्य देशांची या मालाची मागणी इतकी वाढली की १९२४च्या सुमारास रांचीजवळ नामकुम येथे केवळ लाखेच्या संशोधनासाठी एक संस्था उभी राहिली. उष्णतेने मऊ व्हावे, दाबाने आकार घ्यावा आणि निवल्यावर तो आकार हट्टाने धरून ठेवावा, हे लाखेचे गुण तबकडीच्या कारखानदाराला नेमके हवे होते. वाफेने तापवलेल्या दोन साच्यांमध्ये मिश्रणाचा गोळा दाबला जाई, लगेच थंड पाणी खेळवून साचा निववला जाई, आणि लखोट्यावर मोहर उठावी तसा गवयाचा स्वर त्या काळ्या चकतीवर उठे.

मात्र तबकडी म्हणजे निव्वळ लाख नव्हे. लाख साधारणतः पंचमांशाच्या आतबाहेर असे. उरलेला भाग पाटीच्या दगडाची भुकटी, बराइटासारखी खनिजे, कापसाचे बारीक तंतू आणि रंगासाठी काजळी यांचा. ही भुकटी केवळ स्वस्ताई म्हणून घातली जात नसे. वाजवण्याच्या सुईला हळूहळू घासून तिचे टोक रेषेच्या मापाचे करावे, हे कामही तिच्याकडेच होते. ही एक गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून जुन्या घरांतील तबकडीचे नियम समजणार नाहीत.

फ्रेड गाइसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक १९०२च्या अखेरीस कलकत्त्यास आला, त्याने पाचशेहून अधिक मुद्रणे केली, आणि गौहरजानसारख्या गायिकेचा आवाज प्रथमच तबकडीवर आला. त्या मुद्रणांचे साचे जर्मनीत हॅनोव्हर येथे जात आणि छापून झालेल्या तबकड्या पुन्हा समुद्रमार्गे येथे येत. म्हणजे छोटा नागपूरची लाख युरोपात जाऊन, गाणे अंगावर घेऊन, स्वदेशी परतत असे. गायिका गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत उच्चारीत, ते हॅनोव्हरच्या कारागिरांना चकतीवर बरोबर नाव छापता यावे म्हणून. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला, वीस वर्षांनी तो डमडमला मोठ्या जागेत गेला, आणि हा द्राविडी प्राणायाम संपला. मुंबईतही १९३५ साली नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन होऊन ‘यंग इंडिया’ छापाच्या तबकड्या निघू लागल्या. तोवर महाराष्ट्रातील मध्यम स्थितीच्या घरांत चावीचा फोनो स्थिरावला होता. बालगंधर्वांची नाट्यपदे, मिरजेस राहणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या चिजा, हिराबाई बडोदेकरांची भावगीते आणि पदे ही ज्या घरात नाटकाचे तिकीट काढण्याची ऐपत वा परवानगी नव्हती त्या घरातील स्त्रियांच्या कानीही पडू लागली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत, आणि तेवढ्या अवकाशात राग उभा करण्याची जी विद्या त्या पिढीच्या गवयांनी साधली तिचे मोल मी फार मोठे मानतो. परंतु तो विषय स्वतंत्र आहे.

घरातील पहिला नियम सुईचा. पोलादी सुयांची दोनशेची लहानशी पत्र्याची डबी मिळे. तिच्यावर आणि कंपनीच्या सूचनापत्रकांत बजावलेले असे की एक सुई एकदाच वापरावी. पुष्कळांना हा कंपनीचा माल खपवण्याचा डाव वाटे. वस्तुतः त्यात कावा नव्हता. चावीच्या फोनोचा साउंडबॉक्स, अभ्रकाचा पडदा आणि नळीसह, शंभर ग्रॅमहून अधिक भार सुईच्या टोकावर टाकीत असे; पहिल्या काही फेऱ्यांतच दगडाच्या भुकटीने त्या टोकाला घासून रेषेचा आकार दिला, आणि तीन मिनिटांच्या अखेरीस टोकाच्या दोन्ही बाजूंना धारदार कडा तयार झाल्या. अशी सुई दुसऱ्या बाजूच्या आरंभीच्या फेरीत ठेवली की त्या कडा रेषेच्या भिंती तासू लागत. परंतु सुईची डबी महिना-महिना पुरवायची, पाहुणे जमले की आठ-दहा तबकड्या लावायच्या आणि शिवाय मुलांचा हट्ट राखायचा, अशा संसारात कंपनीचा हुकूम कोण तंतोतंत पाळणार! एक सुई चार-सहा बाजूंना चाले, ती किंचित फिरवून पुन्हा बसवली जाई, आणि सर्वांत आवडती तबकडी सर्वांत आधी करडी पडे. जुन्या बाजारात एखादी अत्यंत नामांकित नाट्यपदाची तबकडी हाती आली आणि तिच्यावरील रेषा धुरकट, निस्तेज दिसल्या, तर ते दुर्लक्षाचे लक्षण आहे असे मी म्हणणार नाही. ती फार प्रेमाने, पण जुन्या सुईने, वाजलेली असते.

इंग्लंडातील चोखंदळ श्रोत्यांनी यावर बांबूच्या सुईचा तोडगा पत्करला होता. तिकोनी कापलेल्या बांबूच्या काडीचे टोक दर वेळी लहानशा कात्रीने तासावे, म्हणजे तबकडी झिजण्याऐवजी काडी झिजते. कोणी निवडुंगाचे काटे वापरीत. लंडनच्या ‘ग्रामोफोन’ मासिकातून या पोलाद-बांबूच्या वादावर वर्षानुवर्षे रणे माजली. बांबूचा आवाज मृदू आणि कमी भरीव येई, एवढे मात्र दोन्ही पक्षांना मान्य होते.

सुईनंतर धूळ. दगडाची भुकटी, पोलादाचा कीस आणि घरातली धूळ मिळून रेषेत एक करडा लेप जमे, आणि प्रत्येक वादनापूर्वी मखमलीच्या गादीने किंवा मऊ कुंचल्याने तो काढावा लागे. हात रेषांच्या ओघाने गोल फिरवायचा, मध्यापासून कडेकडे आडवा कधीही ओढायचा नाही. तबकडी धरायची ती दोन तळव्यांमध्ये कडेने, किंवा एका हाताची बोटे मधल्या कागदावर टेकवून. आणि वाजून झाली की तिच्या पाकिटात घालून उभी ठेवायची. आडव्या चळतीत खालच्या तबकड्यांवर वरच्यांचा भार पडतो आणि त्यांना बाक येतो. तिरप्या ठेवल्या तरी तोच परिणाम. हे सर्व सांगायला सोपे, पण उभ्या कप्प्यांचे कपाट करवून घेणे म्हणजे सुतारास बोलावण्याचे काम, म्हणून बहुतेक घरांत तबकड्या फोनोच्या शेजारी पेटीत राहत. तबकडीला हात लावण्याचा अधिकार घरातील एकाच व्यक्तीकडे असे, बहुधा वडिलांकडे किंवा एखाद्या काकांकडे, आणि इतरांनी फक्त ऐकायचे; मुलांच्या मनात या निर्बंधाविषयी कितीही राग असला तरी ज्या घरांत तो कसोशीने पाळला गेला त्या घरांतील संग्रहच पुष्कळसा आज शाबूत आहे.

पश्चिमेकडील पुस्तकांत न सापडणारी मोठी अडचण म्हणजे आमचे ऋतुमान. मुंबईत आणि कोकणात आषाढ लागला की भिंतींना ओल येते, पुस्तकांच्या बांधणीस बुरशी चढते, आणि त्याच न्यायाने तबकडीच्या पाकिटांवर, मधल्या कागदी चकतीवर आणि मग तबकडीतील सेंद्रिय द्रव्यांवरही पांढुरके ठिपके उमटतात. लाख स्वतः बुरशीला पुष्कळ दाद देत नाही. पण पाकिटाचा कागद, लेबलाची खळ, बोटांचा मेद यांच्या आश्रयाने बुरशी वाढते आणि फार काळ राहिली तर रेषांवर कायमची खूण ठेवते, ती पुढे सततच्या खरखरीच्या रूपाने ऐकू येते. कागदाला वाळवी आणि कसर, खळीला झुरळे, हे आणखी उपद्रव. पावसाळा सरल्यावर भाद्रपद-आश्विनातल्या उन्हात ग्रंथांना, शालूंना, गाद्यांना ऊन दाखवण्याची आपली जुनी वहिवाट, आणि घराघरांतील गृहिणींनी त्याच भावनेने तबकड्याही गच्चीवर मांडल्या असतील तर त्यांना दोष देता येत नाही. परंतु जी लाख लाक्षागृहाच्या कथेपासून अग्नीचे भक्ष्य म्हणून प्रसिद्ध तिला ऊन कसे मानवावे? दुपारच्या उन्हात लाखेची तबकडी अर्ध्या घटकेत वाकते. मे महिन्यातले नागपूरचे बंद माळेही तिला पुरे होतात. वाकलेली तबकडी सपाट करण्याचा उपाय जाणकार करीत: दोन जाड काचांमध्ये ती ठेवावी, सौम्य ऊब द्यावी, वर वजन ठेवून सावकाश निववावी, तो साधला तर साधला, आणि घाई झाली तर स्वर कायमचा गेला. बुरशी मात्र उन्हावाचूनही जाते. नाकावर फडके बांधून, घराबाहेर, कोरड्या मऊ कुंचल्याने ती झटकायची आणि तबकडीला नवे, कोरडे पाकीट द्यायचे.

सर्वांत मोठे नुकसान मात्र स्वच्छतेच्या अति-उत्साहाने झाले. काच, पितळ आणि पुढे विजेची उपकरणे स्पिरिटाने लख्ख होतात, तेव्हा तबकडीही होईल असे वाटणे साहजिक होते. परंतु सुताराच्या झिलईची कृती वर सांगितलीच आहे: चपडा स्पिरिटात विरघळतो. स्पिरिटाचा बोळा लाखेच्या तबकडीवरून फिरवणे म्हणजे गाण्यावर झिलई करणे होय. कपड्याला काळा रंग लागतो, तो मळ नसून तबकडीच असते. तेलाचा हात फिरवून चमक आणण्याचा मोहही तसाच घातक, कारण तेलावर धूळ चिकटते आणि सुईखाली तिचा चिखल होतो. लाखेला थोडे पाणी चालते, सौम्य साबणाचा थेंब घातलेले गार पाणीही चालते, पण ते मऊ फडक्याने लावून लगेच टिपून घ्यावे लागते. तबकडी भिजत घालायची नाही, कारण आतील कापसाचे तंतू आणि भुकटी पाणी पितात. कोलंबिया छापाच्या काही तबकड्यांच्या पोटात तर कागदाचे थर असत. त्यांच्या कडेची एखादी बारीक भेग पाणी आत घेते आणि तबकडी फुगते. एवढा विवेक बाळगणारा मनुष्य घरात असेल तर शंभर वर्षांची तबकडीही आज धुता येते.

लाखेचे राज्य संपवले ते युद्धाने. १९४२च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांच्या कारखान्यांना मिळणारी लाख सुमारे सत्तर टक्क्यांनी तोडली, कारण हिंदुस्थानातून येणारा माल समुद्रावरील युद्धाच्या तावडीत सापडला होता आणि जो पोहोचे तो लष्करी कामास हवा होता. लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून, त्या दळून, पुन्हा नव्या छापण्याची पाळी आली. त्या भट्टीत कोणकोणते आवाज वितळले याची यादी कोणी ठेवलेली नाही. याच युद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी काढलेल्या ‘व्ही-डिस्क’ तबकड्या लाखेच्या असल्यास वाटेतच फुटू लागल्या, म्हणून त्या विनाइल या कृत्रिम राळेच्या करण्यात आल्या. आणि १९४८च्या जूनमध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी विनाइलची दीर्घवादी तबकडी बाजारात आणली. एका बाजूस वीस-बावीस मिनिटे! आमच्या संगीतास हे वरदानच होते. १९५५ साली अली अकबर खाँसाहेबांची सरोदवादनाची दीर्घवादी तबकडी अमेरिकेत निघाली, आणि राग प्रथमच तीन मिनिटांच्या कुंपणाबाहेर मोकळा झाला. येथे मात्र लाखेने सहजासहजी जागा सोडली नाही: विलायतेत १९६०च्या सुमारास लाखेच्या तबकड्या बंद झाल्या तरी डमडमला त्या पुढेही छापल्या जात होत्या, इतक्या की हिंदुस्थानात बीटल्सची गाणीही लाखेवर निघाली. खेड्यापाड्यांत वीज नव्हती आणि चावीचे फोनो होते, हे त्याचे कारण.

विनाइल लाखेच्या सर्वथा उलट प्रकृतीचे. ते पडून फुटत नाही, पाण्याला भीत नाही, आणि त्यात दगडाची भुकटी नसल्याने त्याची मूळची खरखर जवळजवळ शून्य; पण ते मऊ आहे, त्यावरील रेषा केसाएवढ्या बारीक आहेत, आणि घर्षणाने त्याच्या अंगी वीज साठते. कोरड्या हवेत पाकिटातून तबकडी नुसती ओढून काढली तरी ती भोवतालची धूळ स्वतःकडे खेचते आणि मखमलीने जोराने पुसावे तो आणखी खेचते. लाखेच्या गोंगाटात जी धूळ लपून जाई ती विनाइलच्या शांततेत एकेक टचकन वाजू लागली. पावसाळ्यात ही वीज कमी आणि बुरशी जास्त, पुणे-नगरकडच्या कोरड्या हिवाळ्या-उन्हाळ्यात बुरशी नाही पण वीज भारी; एकाच मुलखात दोन ऋतूंची दोन वेगळी व्यवस्था ठेवावी लागते, हे विलायती माहितीपत्रकांत कोठेही लिहिलेले नसे.

या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा करणारा मनुष्य म्हणजे इंग्लंडातील सेसिल वॉट्स. १९३०च्या दशकात त्याने बीबीसीसारख्या संस्थांना तात्काळ ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या पुरवल्या होत्या. रेषेत नेमके काय चालते हे सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेऊन पाहण्याचा त्याला नाद होता, आणि त्या छायाचित्रांतून त्याला दिसले की धुळीचा कण सुईखाली सापडला म्हणजे तो विनाइलमध्ये कायमचा रुतून बसतो. १९५०च्या दशकाच्या मध्यास त्याने ‘डस्ट बग’ नावाचे लहानसे साधन काढले: एका बारीक दांडीवर मऊ कुंचला आणि किंचित दमट केलेली मखमलीची गुंडाळी, जी तबकडी वाजत असतानाच सुईच्या आगेमागे आपोआप फिरून धूळ उचले. पुढे त्याने ‘पॅरास्टॅट’ आणि इतर कुंचलेही केले आणि तबकड्यांच्या निगेवर एक पुस्तिका लिहिली. ईएमआय कंपनीचे ‘एमिटेक्स’ नावाचे फडकेही याच काळातले. परंतु रेषेच्या तळाशी बसलेल्या मळाला कोरडा कुंचला पुरत नाही हे ‘ग्रामोफोन’ मासिकाचे जुने तज्ज्ञ पर्सी विल्सन यांनी ओळखले आणि द्रवाने धुऊन तो द्रव लगेच शोषून घेण्याची कल्पना मांडली. कीथ मंक्स याने १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिचे यंत्र बनवले. त्या यंत्राची योजना फार सुंदर आहे. शोषणाच्या नळीचे तोंड आणि तबकडी यांच्यामध्ये एक बारीक नायलॉनचा धागा असतो, तो सावकाश पुढे सरकत राहतो, त्यामुळे प्रत्येक रेषेला धाग्याचा स्वच्छ तुकडाच लागतो आणि एका रेषेचा मळ दुसरीत जात नाही. बीबीसीच्या ग्रंथागाराने असली यंत्रे घेतली. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी पिकेट आणि लेमको यांनी १९५९ साली सिद्ध केलेल्या अहवालाने तर लाख, विनाइल आणि इतर द्रव्ये यांच्या साठवणीची शास्त्रीय बैठकच घातली; तबकड्या उभ्या, समान दाबात, स्थिर उष्णतेत आणि रासायनिक दृष्ट्या निरुपद्रवी पाकिटांत ठेवाव्यात ही आजची सर्वमान्य शिस्त तेथूनच पक्की झाली.

आमच्या घरांत मात्र विलायती यंत्र आले नाही, आणि त्याची गरजही फारशी भासली नाही. ‘एचएमव्ही फिएस्टा’ नावाचा पेटीसारखा फोनो घराघरांत पोहोचला तेव्हा त्याच्या वाजवणाऱ्या भुजेत दुतोंडी सुई असे, एक तोंड लाखेसाठी जाड, दुसरे दीर्घवादीसाठी बारीक. ते फिरवायचे विसरले आणि जाड सुई गीतरामायणाच्या तबकडीवर गेली, तर सीतेचा त्याग होण्यापूर्वीच रेषेचा अंत होई. विनाइलची तबकडी धुण्याची रीत लोकांनी आपापली बसवली. मोटारीच्या बॅटरीत घालायचे ऊर्ध्वपातित पाणी सायकल-मोटारीच्या दुकानात स्वस्तात मिळे. विहिरीच्या किंवा नळाच्या जड पाण्यातले क्षार वाळल्यावर रेषेत पांढरे राहतात, म्हणून शेवटचे विसळणे त्या पाण्याचे. प्रथम नळाखाली, लेबलावर हात किंवा उलटी वाटी धरून, सौम्य साबणाच्या एकदोन थेंबांनी मऊ बोटांनी गोल चोळणे, मग बॅटरीचे पाणी, मग जुन्या मलमलीने टिपणे, आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात उभी करून पंख्यापासून दूर सावलीत वाळवणे. ताटाळे या कामास इतके योग्य आहे की तबकड्यांचे कपाट करणाऱ्या सुतारास मी तेच नमुन्यादाखल दाखवावे असे सुचवीन. पावसाळ्यात ओलसर तबकडी पाकिटात घातली की सगळे श्रम व्यर्थ, आणि चकाकत्या मऊ प्लास्टिकच्या आवरणात वर्षानुवर्षे ठेवलेल्या तबकडीवर आवरणाचाच धुरकट डाग उतरतो, ही दोन पथ्ये तेवढी सांभाळावी लागत.

एक तबकडी मात्र या सगळ्या निगेच्या पलीकडे गेली: गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांनी गायलेली भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या त्या तबकडीला ॲल्युमिनियमचे आवरण आहे, वाजवण्याची सुई तिच्याबरोबरच दिलेली आहे, आणि ती कशी ठेवावी, किती वेगाने फिरवावी याचे चित्ररूप विवरण आवरणावर कोरलेले आहे. ज्यांनी मुद्रणास मोजकीच संमती दिली अशा या गायिकेचा एक आवाज माणसाच्या हाताबाहेर, धुळीबुरशीपासून सुरक्षित गेला. उरलेले आवाज मात्र दादर-गिरगावच्या, मिरज-कोल्हापूरच्या, पणजी-मडगावच्या कपाटांत, घरातल्या कोणाच्या तरी मर्जीवर राहिले. आणि १९८०च्या दशकात कॅसेट आली तेव्हा ही मर्जी फिरली. फोनो माळ्यावर गेला, तबकड्या रद्दीवाल्याकडे गेल्या, आणि मुंबईच्या चोरबाजारात व बुधवार-रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारात त्या फरशीवर आडव्या, पाकिटांवाचून, उन्हात पडून राहिल्या. त्या दिवसांत ज्यांनी त्या उचलून घरी नेल्या त्यांचे ऋण मोठे आहे. डॉ. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मुंबईत संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापली, तिच्या नियतकालिकातून तबकड्यांच्या याद्या आणि इतिहास छापला, आणि विखुरलेले खासगी संग्रह एकमेकांस परिचित केले. मराठी रंगभूमीचे आणि ख्यालगायकीचे आरंभीचे कितीतरी स्वर अशा संग्रहांतील एखाद-दुसऱ्या प्रतीवरच आज ऐकता येतात.

अशी प्रत संगणकावर उतरवण्यापूर्वी ती धुण्याचे काम अजूनही जुन्याच नियमांनी चालते. फरक पडला आहे तो सुईच्या निवडीत. पोलादी सुईने वर्षानुवर्षे ज्या उंचीवर रेषेच्या भिंती घासल्या, तेवढाच पट्टा झिजलेला असतो; त्याच्या वरची किंवा खालची भिंत बहुधा कोरीच राहिलेली असते. म्हणून ध्वनी उतरवणारा तंत्रज्ञ निरनिराळ्या जाडीच्या हिरकणीच्या सुया जवळ ठेवतो, मूळच्या सुईपेक्षा किंचित जाड वा किंचित बारीक टोक लावून पाहतो, आणि दोन-तीन टोके बदलल्यावर एखाद्या टोकाला अशी जागा सापडते की खरखर एकदम ओसरते आणि तबल्याच्या चाटीचा आवाजही स्वच्छ ऐकू येतो. ज्या घरात सुई दर बाजूस बदलली जाई त्या घरच्या तबकडीला मूळच्या जाडीचेच टोक पुरते. ज्या घरात एकच सुई आठवडाभर चाले तेथे तंत्रज्ञाला भिंतीवर बरेच वर चढावे लागते, आणि कधी कधी वरही जागा उरलेली नसते.